आधी मोतद्दार, मग स्वार: साताऱ्या-सांगलीत घोड्याची देखभाल हातानं कशी शिकायची

शाळेत किंवा एनसीसीत घोडेस्वारी केलेला माणूस चाळिशीत पुन्हा रिकिबीत पाय घालतो, तेव्हा तोल महिन्या-दीड महिन्यात परत येतो. मांड्यांना थोडा जास्त वेळ लागतो. घोड्याची माहिती मात्र परत येत नाही, कारण ती मुळात मिळालेलीच नसते. त्या वेळी घोडा खोगीर चढवून समोर यायचा आणि उतरलं की लगाम दुसऱ्याच्या हातात जायचा. खरारा कुणी केला, चंदी म्हणजे दाणा किती घातला, कालपासून तो डावा मागचा पाय जपून टेकतोय हे कुणाच्या लक्षात आलं, याचा स्वाराला पत्ता नसायचा.

जुन्या मराठी फौजेत स्वतःचा घोडा बाळगणारा तो शिलेदार आणि सरकारी पागेतला घोडा मिळणारा तो बारगीर. आज हौसेनं परतणारे बरेच जण चार महिने बारगिरी करून थेट शिलेदार व्हायला निघतात. मधली मोतद्दाराची, म्हणजे घोड्याची देखभाल करणाऱ्याची, पायरी गाळतात आणि वर्षाच्या आत घोडा विकायला काढतात.

ती पायरी चढायला बारा आठवडे धरा. आठवड्यातून दोन दिवस, ठरलेल्या वेळी, आणि शक्यतो एकच घोडा. दहा घोड्यांना हात लावून जे कळत नाही ते एका घोड्याला पंचवीस वेळा हात लावून कळतं: त्याचं नेहमीचं काय आहे. नेहमीचं माहीत असेल तरच बिघडलेलं दिसतं.

आधी वजनाचा हिशेब

हा विषय कुणी काढत नाही, म्हणून सुरुवात त्यानंच. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत, ही जगभर वापरली जाणारी वरची मर्यादा. घोड्याचं वजन शिंप्याच्या टेपनं काढता येतं. खांद्याच्या उंचवट्यामागून आणि कोपरांच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या. खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १५५ आणि लांबी १४२ आली तर वजन साधारण २८७ किलो.

आपल्याकडे पर्यटकांना फिरवणारे लहान चणीचे घोडे या मापाच्या आसपास असतात. २८७ चे २० टक्के म्हणजे ५७ किलो, त्यात खोगीर सात-आठ किलो. ओझ्याच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांतही पोनीच्या पाठीवर जास्तीत जास्त ७० किलो ओझं लिहिलं आहे. म्हणजे तुमचं वजन ७८ असेल तर त्या घोड्यावर बसायचं नाही. त्याचा खरारा, खूर, वैरणपाणी मात्र बिनघोर शिकायचं. बसण्यासाठी ३७५-४०० किलोचा मारवाडी किंवा काठेवाडी घोडा वेगळा शोधावा.

जागा आणि माणूस

सातारा जिल्ह्यात घोडे सहज भेटतात ते पाचगणीच्या टेबललँडवर आणि महाबळेश्वरात वेण्णा तलावापाशी. एप्रिल-मे, दिवाळी आणि नाताळात घोडेवाल्याला मान वर करायला फुरसत नसते. जानेवारी-फेब्रुवारीतला मधला वार, सकाळी आठच्या आत, ही विचारायची वेळ. पावसाळ्यात धंदा थंड असतो, आणि कातडीचे, खुरांचे आजार बघायला त्याच्याइतकी चांगली शाळा नाही.

वाई, सातारा, कराडच्या आसपास फार्महाऊसवर हौसेनं ठेवलेले एक-दोन घोडे असतात. तिथे मालक पुण्या-मुंबईला आणि घोडा गड्याच्या भरवशावर, असं चित्र बऱ्याचदा दिसतं. गडी जुना असेल तर ही उत्तम जागा. सांगली-मिरजेकडे वरातीचे घोडे आणि घोडागाडीच्या शर्यतीचा नाद असलेली मंडळी भेटतील. शर्यतीचा घोडा दाण्यावर तापलेला असतो, तेव्हा पहिल्या तीन महिन्यांत त्याच्या वाटेला जाऊ नये. माण, खटाव, आटपाडी, जतकडे धनगरांच्या वाड्याबरोबर बिऱ्हाड वाहणारी भीमथडी वळणाची तट्टं असतात. नाल न मारताही खूर कसे टिकतात हे त्यांच्याकडून पाहण्यासारखं आहे. पण वाडा फिरतीवर असतो, त्यामुळे ठरावीक वार जमत नाही.

होकार देण्याआधी घोड्याची पाठ खोगीर काढून बघू द्या म्हणावं. खांद्यापाशी पांढऱ्या केसांचा ठिपका म्हणजे जुन्या खोगिराचा दाब. तो बऱ्याच घोड्यांना असतो आणि एकवेळ चालेल. ओली जखम असेल आणि तरी घोडा कामावर असेल, तर परत फिरा. मग विचारा: नालबंद किती आठवड्यांनी येतो, धनुर्वाताची लस शेवटची कधी टोचली, डॉक्टर कोण, दिवसाला किती तास काम. १९६५ च्या त्याच नियमांत दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ काम नाही, असं आहे. काटेरी लगामालाही बंदी आहे. हे मालकाला ऐकवायला जाऊ नका, फक्त उत्तर ऐकताना डोक्यात ठेवा.

पैशाचं पहिल्याच दिवशी ठरवावं. तुमच्या दोन तासांत मालकाच्या एक-दोन फेऱ्या बुडतात, तेवढी भरपाई मालकाला द्या. मोतद्दाराचे वेगळे, त्याच्या हातात. शिकवणारा तोच असतो. त्याला वयाप्रमाणे दादा, मामा, चाचा म्हणा आणि पहिले पंधरा दिवस त्याची कुठलीही पद्धत सुधारायला जाऊ नका. 'फुकट काम करतो, त्या बदल्यात फेरी मारू द्या' हा सौदा करू नये. त्यात दोघंही मनातून नाराज राहतात.

अंगावर काय

घोट्याच्या वर येणारे चामड्याचे बूट, पुढून टणक, टाच दीड-दोन सेंटिमीटर. चपलेत किंवा सँडलमध्ये तबेल्यात जायचं नाही. तीनशे किलोचा घोडा मुद्दाम पायावर पाय देत नाही, पण दिला तर उचलायला वेळ घेतो. अंगठ्या काढून ठेवा. ओढणी, मफलर, गळ्यात लोंबणारं ओळखपत्र नको. खूर उचलताना आणि घोडा चालवताना हनुवटीच्या पट्ट्याचं रायडिंग हेल्मेट घालावं. मोटरसायकलचं हेल्मेट कान झाकतं, आणि इथे कान उघडे हवेत. धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत घेतलं नसेल तर सुरुवात करायच्या आधी घ्या, कारण ते जंतू लिदीत आणि तबेल्याच्या मातीत असतातच.

पहिले दोन आठवडे: जवळ जाणं, बांधणं, सोडणं

'घोड्याच्या मागून आणि साहेबाच्या पुढून जाऊ नये' ही म्हण अर्धी तरी शास्त्रीय आहे. घोड्याचे डोळे बाजूला असल्यामुळे त्याला जवळजवळ सगळं वर्तुळ दिसतं. दिसत नाही ते शेपटीच्या थेट मागचं आणि कपाळाच्या थेट समोरचं. म्हणून डाव्या खांद्याच्या दिशेनं, बोलत बोलत जा. पहिला हात मानेच्या बुडाशी किंवा खांद्यावर ठेवा, नाकावर नको. मागून जावंच लागलं तर एकतर पुठ्ठ्यावर, म्हणजे ढुंगणाच्या वरच्या भागावर, हात ठेवून अंगाला चिकटून जा, म्हणजे लाथेला जोर मिळत नाही, नाहीतर तीन मीटर लांबून. मधलं अंतर सगळ्यात वाईट.

कानांकडे लक्ष ठेवा. सैल, इकडेतिकडे फिरणारे कान ठीक. मागे चपटे बसलेले कान आणि झटकणारी शेपटी म्हणजे थांबा. एक मागचा पाय सैल सोडून उभा असेल तर तो आराम करतोय. तोच पाय घोडा वर उचलून धरत असेल तर विषय वेगळा.

दोर सुती, अंगठ्याएवढा जाड, साधारण तीन मीटर. नायलॉननं तळहात भाजतो. दोर हाताला गुंडाळायचा नाही. घड्या घालून मुठीत आडवा धरायचा, म्हणजे घोडा उधळला तर सुटेल आणि बोटं शाबूत राहतील. बांधताना सुरगाठ मारा, एका ओढीत सुटणारी. कडीत थेट बांधू नका. कडीला सुतळीचा एक फास घालून त्यात दोर ओवा. घोडा घाबरून मागे रेटला की सुतळी तुटावी, मान नाही. गाठ त्याच्या खांद्याच्या उंचीवर, दोर हातभर सैल. त्याहून सैल ठेवला की पुढचा पाय त्यात अडकतो. लगामानं घोडा कधीही बांधायचा नाही. झटका जिभेला आणि जबड्याला बसतो.

आपल्याकडे आगाडी (तोंडाकडचा दोर) आणि पिछाडी (मागच्या पायांचा दोर) घालायची रीत अजून आहे. क्रम लक्षात ठेवा: बांधताना आधी आगाडी, सोडताना आधी पिछाडी. उलटं केलं तर तोंड सुटलेला घोडा पुढे निघतो, मागचे पाय अडकलेलेच असतात, आणि तो कोसळतो किंवा दोराशी झुंजतो. पिछाडीच्या दोराखाली, टाचेच्या वरच्या खळग्यात केस गेलेले किंवा कातडी सोललेली आहे का हे रोज बोटानं बघायचं. डोळ्यांना तिथे फक्त चिखल दिसतो.

याच दोन आठवड्यांत लीद उचला. काम हलकं समजलं जातं, पण घोड्याच्या पोटाची बातमी इथेच कळते. निरोगी घोडा दिवसाला साधारण आठ ते बारा वेळा लीद टाकतो. गोळे ओलसर, पडल्यावर फुटतील असे. सुके, बारीक, चकाकणारे गोळे म्हणजे पाणी कमी पडतंय. अख्खे दाणे दिसले तर चंदी न चावता गिळतोय, दात तपासायला हवेत. जमिनीजवळ वाकल्यावर मुताच्या वासानं डोळे चुरचुरले तर घोड्याच्या फुप्फुसाला तो वास रात्रभर मिळतोय, अंथरूण बदला. साखर कारखान्याच्या पट्ट्यात बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, अंथरतात. कोरडं असेल तोवर उत्तम. भिजून काळं पडलं की बुरशी धरतं आणि घोडा खोकू लागतो.

खरारा

पत्र्याचा दातेरी खरारा सगळीकडे दिसतो. तो घोड्याच्या अंगापेक्षा ब्रश झाडायला चांगला. अंगावर रबरी खरारा वापरा: मान, खांदा, पाठ, पोटाची बाजू, पुठ्ठा, गोल गोल, बऱ्यापैकी जोरानं. गुडघ्याखाली आणि तोंडावर तो फिरवायचा नाही, तिथे कातडीखाली लगेच हाड आहे. मग कडक ब्रशनं झटके देत धूळ उडवा, केसांच्या दिशेनं. शेवटी मऊ ब्रश. डोळे आणि नाकपुड्या एका ओल्या फडक्यानं, शेपटीखालची जागा दुसऱ्या. फडक्यांचे रंग वेगळे ठेवा, नाहीतर एक दिवस अदलाबदल होणारच. शेपूट बाजूला उभं राहून बोटांनी सोडवायची. कंगव्यानं तुटलेले केस भरून यायला वर्ष-दोन वर्षं लागतात.

सगळं मिळून अर्धा तास. या अर्ध्या तासात मोकळा हात ब्रशच्या मागोमाग फिरत राहिला पाहिजे. कोपराच्या मागे जिथे तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) बसतो तिथली गाठ, पाठीवर दाबल्यावर कातडीची थरथर, आयाळीखाली, कानात आणि मागच्या मांड्यांच्या मध्ये गोचीड, पायाच्या शिरेवरची ऊब हे सगळं आधी हाताला कळतं. दोन्ही पाय एकाच वेळी दोन हातांनी धरून तुलना करा. एकटा पाय गरम आहे की नाही हे सांगता येत नाही, शेजारच्यापेक्षा गरम आहे हे मात्र लगेच कळतं.

पावसात पाठीवर खपल्या येतात. खपली उचलली की केसांचा झुपका रंगाच्या कुंचल्यासारखा निघून येतो. हा सततच्या ओलीचा जंतुसंसर्ग. घासून खपल्या ओरबाडू नका. घोडा आडोशाला घ्या, कोरडा करा, डॉक्टरांना विचारून क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या पाण्यानं धुवा, आणि तो ब्रश दुसऱ्या घोड्याला लावू नका.

खूर

डावीकडे, तोंड शेपटीकडे करून उभे राहा. हात खांद्यापासून पायावरून खाली सरकवत न्या, घोट्याच्या वर मागच्या शिरा हलक्या चिमटीत धरा, सोबत शब्द एकच वापरा. घोडा वजन दुसरीकडे टाकतो तेव्हाच पाय उचला. खेचून उचललेला पाय तो परत ओढतो. मागचा पाय उचलला की घोडा आधी तो पोटाकडे आखडतो. नवखा इथे घाबरून सोडतो, आणि घोडा शिकतो की आखडलं की सुटका होते. अंगाला चिकटून उभे राहा, त्या हालचालीबरोबर हात जाऊ द्या, मग पाय मागे आणा. उंच उचलू नका.

खूर साफ करायची आकडी टाचेकडून बोटाकडे चालवायची. खुराच्या तळाशी त्रिकोणी, रबरासारखा भाग असतो, तिला पुतळी म्हणतात. तिच्या दोन्ही बाजूंच्या खाचा मोकळ्या करा, पुतळीत आकडी खुपसू नका. पाचगणीच्या पठारावर जांभ्याचे खडे या खाचांत पाचरीसारखे बसतात आणि दुसऱ्या दिवशी घोडा लंगडतो. काळा, घाण वासाचा चिकट थर निघाला तर पुतळी सडतेय. कारण बहुतेक वेळा ओलं ठाण, म्हणजे घोडा बांधायची जागा. औषध लावून ठाण ओलंच ठेवलं तर उपयोग शून्य.

खूर महिन्याला सहा ते दहा मिलिमीटर वाढतो, म्हणून नालबंद पाच-सहा आठवड्यांनी. तो येईल त्या दिवशी रजा काढून जा. एक गोष्ट बघा: तो नाल खुराच्या मापाची करतो, की खूर घासून नालेच्या मापाचा करतो? दुसरं दिसलं तर पुढच्या वेळी माणूस बदलायला मालकाला सुचवा. खिळा आत लागला तर घोडा कधी लगेच, कधी दोन दिवसांनी लंगडतो. खुराचा बाहेरचा भाग गरम लागतो आणि घोट्याच्या मागे, बाजूला, बोटाखाली नाडी जोरात उडते. ती जागा निरोगी घोड्यावर आधी शोधून ठेवा, तिथे नाडी जेमतेम लागते.

वैरण, चंदी आणि ऊसपट्ट्यातला धोका

आपल्या २८७ किलोच्या घोड्याला रोज कोरडी वैरण पाच ते साडेसहा किलो, तीन-चार वेळांत विभागून. रात्रीची सगळ्यात मोठी. घोड्याचं पोट लहान आणि आम्ल सतत तयार होणारं, त्यामुळे आठ-दहा तास रिकामं ठेवलं की पोटात व्रण होतात आणि तो लाकूड कुरतडू लागतो. चंदी हलक्या कामाला दिवसाला एक ते दोन किलो, आणि एका वेळी दीड किलोच्या वर कधीच नाही. जास्त घातलेलं पिष्ट मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं, आणि तिथून पोटशूळ किंवा खुरांचा दाह सुरू होतो.

मापाच्या डब्यावर विसंबू नका. एका लिटरच्या डब्यात ओट साधारण अर्धा किलो बसतात, हरभरा पाऊण किलो. 'दोन डबे' कायम ठेवून धान्य बदललं की घोड्याला दीडपट चंदी गेलेली असते. एकदा काट्यावर तोलून डब्यावर खूण करा. हुलगे शिजवून, हरभरा भिजवून देतात. उन्हाळ्यात भिजवलेल्याला आंबूस वास आला की फेकून द्यायचं, 'वाया जातंय' म्हणून घालायचं नाही. रोज २५-३० ग्रॅम मीठ. पाणी वीस ते तीस लिटर, सांगलीच्या एप्रिलमध्ये चाळीसच्या पुढे. बादल्या मोजून घाला, म्हणजे कमी प्यायला ते त्याच दिवशी कळेल. कुठलाही बदल सात ते दहा दिवसांत, थोडा थोडा.

आता आपल्या भागातला मुद्दा. इथे दावणीला म्हशी असतात आणि घोडा त्यांच्या पंक्तीला बसतो. उसाचं वाडं आणि नेपियर गवत, मग ते जयवंत वाणाचं असो की को-४, यांत ऑक्झलेट हे क्षार असतात. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातले जंतू ते बरेचसे मोडतात. घोड्याच्या आतड्यात मात्र ते कॅल्शियमला बांधून घेतात. शरीर मग हाडातलं कॅल्शियम काढतं. महिनोन्महिने हेच चाललं की जागा बदलत फिरणारा लंगडेपणा येतो, चावायला त्रास होतो आणि तोंडाची हाडं दोन्ही बाजूंनी फुगतात. वर गव्हाचा कोंडा घातला तर त्यातलं फॉस्फरस ही गडबड वाढवतं. नेपियरवरच ठेवायची वेळ आली तर लसूणघास जोडीला हवा आणि खनिज मिश्रणाचं डॉक्टरांना विचारा.

हिरवं कडवळ घोड्याला नको. कोवळ्या ज्वारीत हायड्रोसायनिक आम्ल असतं, आणि हिरव्या ज्वारीवर बरेच दिवस ठेवलेल्या घोड्याचं मूत्राशय लुळं पडून मूत गळायला लागतं, मागचे पाय लटपटतात. वाळलेला कडबा चालतो, बुरशीचे काळे ठिपके बघून.

सगळ्यात घातक चूक गोणीची. जनावरांच्या काही पशुखाद्यांत आणि कोंबडीखाद्यात मोनेन्सिन, सॅलिनोमायसिनसारखी औषधं मिसळलेली असतात. कोंबडीला ती पचतात, पण घोड्याच्या हृदयाचे स्नायू त्यानं खलास होतात. उतारा नाही. पोल्ट्री असलेल्या वस्तीवर घोड्याची चंदी वेगळ्या खोलीत, झाकणाच्या पिंपात, वेगळ्या मापानं. रिकामी कोंबडीखाद्याची गोणीसुद्धा वापरायची नाही.

ताप, नाडी, श्वास

हे सहाव्या आठवड्यापर्यंत हातात बसलं पाहिजे. जाल तेव्हा ठरल्या वेळी, कामाच्या आधी, शांत उभ्या घोड्यावर मोजा.

ताप: ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सिअस. डिजिटल थर्मामीटरला दोरा आणि चिमटा बांधा, चिमटा शेपटीला लावा, टोकाला व्हॅसलीन. मागे नाही, पुठ्ठ्याला चिकटून बाजूला उभे राहा.
नाडी: मिनिटाला २८ ते ४४. जबड्याच्या खालच्या कडेवर आतून दोरीसारखी रक्तवाहिनी बोटाखाली सरकते, तिथे १५ सेकंद मोजून चारनं गुणा. अंगठा वापरू नका, स्वतःचीच नाडी मोजाल.
श्वास: मिनिटाला ८ ते १६, बरगड्यांच्या मागची बाजू हलते ती बघून.

हिरडी ओलसर गुलाबी हवी. बोटानं दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत रंग परत यावा. मग पोटाला कान लावा, दोन्ही बाजूंना, वर आणि खाली, प्रत्येक जागी मिनिटभर. गुडगुड ऐकू येणं चांगलं. शांतता ही वाईट बातमी.

पोटशूळ आणि बाकीची दुखणी

पुढच्या पायानं जमीन उकरणं, वळून कुशीकडे बघणं, खाली बसून उठणं, लोळणं, चंदीला तोंड न लावणं: पोटशूळ समजा. वैरण काढून घ्या, नाडी मोजा, वेळ लिहा, फोन लावा. नाडी ६० च्या वर असेल तर ते पहिल्या वाक्यात सांगा. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक १९६२. घोड्यांची सवय असलेल्या खासगी डॉक्टरांचा नंबर तबेल्याच्या दारावर खडूनं लिहिलेला हवा. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. रात्री गाडीत घोडा चढवायची वेळ आलीच तर कुणाचा टेम्पो मिळेल हेही आधी ठरवून ठेवावं.

घोडा लोळून स्वतःला जखमी करत असेल तर दहा-पंधरा मिनिटं सावकाश चालवा. तासन्‌तास दमवू नका. कुणीतरी नळकांड्यानं तेल, हिंगाचं पाणी नाहीतर दारू पाजायला पुढे येईल. हात जोडून थांबवा. घोड्याला उलटी होत नाही, आणि जबरदस्तीनं ओतलेलं तेल फुप्फुसात गेलं की पोटशुळातून वाचलेला घोडा न्यूमोनियानं जातो. डॉक्टरांना न विचारता दुखण्याचं इंजेक्शनही नको. दुखणं झाकलं जातं आणि शस्त्रक्रिया हवी की नको हे ठरवायची वेळ निघून जाते.

पावसाळ्यानंतर गोमाश्या वाढतात, तेव्हा त्यांच्या चावण्यातून पसरणारा सर्रा हा रोग लक्षात ठेवा. येऊन-जाऊन ताप, खाऊनही खंगणं, पोटाखाली आणि पायांना सूज, फिकट हिरड्या. निदान रक्ततपासणीनं होतं. दिवाळीच्या सुमाराला अकलूजला घोड्यांचा बाजार भरतो. तिथून किंवा कुठल्याही यात्रेतून आलेला घोडा किमान तीन आठवडे वेगळा बांधा, त्याची बादली, ब्रश, दोर वेगळे. नाकातून घट्ट पिवळा स्राव आणि पायांवर माळेसारख्या गाठी दिसल्या तर हात लावू नका, ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाचा संशय धरा. तो माणसाला होतो आणि कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. सरकारी दवाखाना नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे पाठवायची व्यवस्था करतो.

खोगीर

खोगीर थोडं पुढे ठेवून मागे सरकवा, म्हणजे केस सरळ बसतात. उंचवट्यावर दोन-तीन बोटं जागा हवी, स्वार बसल्यावरसुद्धा. तंग कोपराच्या मागे चार बोटं, आणि एकदम नाही, तीन टप्प्यांत आवळायचा. दहा मिनिटं चालवून पुन्हा बघायचा. उतरल्यावर लगेच पाठ धुऊ नका, आधी घामाचा ठसा बघा. सगळीकडे ओलं आणि मध्येच तळहाताएवढी कोरडी जागा दिसली तर तिथे दाब पडतोय. खाली आणखी एक गोणपाट घालून हे सुटत नाही, उलट घट्ट बुटात जाड मोजा घातल्यासारखं होतं.

शेवटचे दोन आठवडे

एक अख्खा दिवस आणि रात्र तबेल्यात काढा. रात्री दहाची वैरण तुम्ही घाला, पहाटे पाचची लीद तुम्ही मोजा. डॉक्टर लस टोचायला येतील तेव्हा दोर तुम्ही धरा. डॉक्टर ज्या बाजूला, त्याच बाजूला तुम्ही उभं राहायचं, म्हणजे तोंड तुमच्याकडे ओढलं की पुठ्ठा डॉक्टरांपासून लांब जातो. आणि वही ठेवा. मोबाईल तबेल्यात लिदीच्या हातांनी उघडला जात नाही. शंभर पानी वही, दोऱ्याला बांधलेली पेन्सिल, दाराच्या खिळ्याला. नोंद एवढीच पुरते:

'मंगळवार, सकाळी ६.४०. ताप ३७.६, नाडी ३६, श्वास १२. रात्रीत लीद चार वेळा, गोळे ठीक. पाणी दोन बादल्या, नेहमीपेक्षा अर्धी कमी, रात्री थंडी होती. उजव्या पुढच्या नालेचा बाहेरचा तिसरा खिळा उचललाय. शनिवारी नालबंद येतोय, तोवर चाचा म्हणतात पठारावर नेऊ नका.'